घेराने प्रौढ, लांबीने बालवर्ग

"लहान मुलांच्या रॅकवर बघ की. तुझी लांबी तिथे बसेल. शिवाय मुलांच्या कपड्यांवर व्हॅट नसतो."

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, एडिंबराच्या रॉयल माइलवर, भर दुपारी, पर्यटकांच्या देखत मला हे ऐकवण्यात आलं. ऐकवणारा टिंगल करत नव्हता. त्याला खरोखर माझे पैसे वाचवायचे होते. टिंगल असती तर परवडली असती.

ऑफिसातल्या एकाचं लग्न आहे आणि पत्रिकेत तळाशी लिहिलंय, हायलँड पोशाखात आलात तर आनंद वाटेल. म्हणजे किल्ट, स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा. बायको म्हणाली, "सूट आहे ना तुझा? तो घाल की." पण एवढी वर्षं या गावात घरपट्टी भरल्यावर माणसाला हौस येते. भाड्याने घ्यावी तर जाकीट, स्पोरान (पुढे लटकवायचा बटवा), मोजे, बूट धरून शंभर पौंडांच्या वर जातं आणि लग्न झालं की परत नेऊन द्यायचं. आमच्या घरात भाड्याचे कपडे फक्त शाळेच्या गॅदरिंगला आणले गेले, तेही मावळ्याचे. म्हटलं, विकतच घेऊ. स्वस्तातली.

स्वस्त हा शब्द किल्टच्या दुकानात उच्चारला की काय होतं ते सांगायलाच हा लेख लिहितोय.

खरी किल्ट लोकरीची आणि आठ वारांची. नऊवारीला फक्त एक वार कमी. प्रत्यक्षात चार वार दुप्पट पन्ह्याचं कापड घेतात, उभं फाडतात आणि जोडतात. पुढे सपाट, मागे निऱ्या, आणि या निऱ्या कमरेपासून खाली वीतभर अंतर हातानेच शिवतात. कापड वजनावर मोजतात: वाराला १३ औंस, १६ औंस असं. १६ औंसवाली सगळी मिळून दोन किलोच्या आसपास भरते. हाताने शिवून घ्यायची तर सहा-सातशे पौंड, वर आठवडेच्या आठवडे वाट बघा. पौंडांचा रुपयांत गुणाकार करायचा नाही, अशी आम्हा इथल्या मराठी लोकांची शपथ असते. ती मी दुकानाच्या दारातच मोडली. सत्तर हजार! माझ्या लग्नात तेवढ्यात आठशे पानं उठली होती आणि वर मठ्ठा होता.

दुसऱ्या टोकाला चाळीस पौंडांची ॲक्रिलिक. या दोहोंच्या मध्ये पॉलिव्हिस्कोज, शे-दीडशे पौंडांत. पॉलिएस्टर आणि व्हिस्कोजचं हे मिश्रण आपल्याला नवीन नाही. भीलवाड्याच्या पी.व्ही. सुटिंगवर माझ्या पिढीने अख्खी शाळा काढली आहे. त्या पँटची क्रीज पावसात भिजून, दप्तराखाली दबून, मारामारीत लोळूनसुद्धा जात नसे. तेव्हा मध्यममार्ग धरायचा हे मी मनाशी ठरवून गेलो होतो.

दुकानदार इथल्याच लीथमध्ये जन्मलेला, घराणं मूळचं सियालकोटचं. गिऱ्हाइकांशी अस्सल स्कॉटिश हेल काढून बोलत होता. मला पाहिलं आणि गाडी सरळ हिंदीवर घातली. "भाईसाब, आप तो अपने हो. ये टूरिस्ट वाला मत लो." टूरिस्टवाला म्हणजे ॲक्रिलिक. त्याच्या लेबलावर ठळक अक्षरांत 'ट्रॅडिशनल हेवी' आणि आत शिवणीत, भिंग लावून वाचावं अशा टायपात, १०० टक्के ॲक्रिलिक. हा मालही सियालकोटचाच. तिथे किल्ट शिवतात, बॅगपाइपसुद्धा बनवतात आणि जगभर पाठवतात. कोपऱ्यावर जो पायपर पर्यटकांचे पैसे गोळा करत वाजवत होता त्याचं वाद्य बहुधा तिथलंच, असं दुकानदार अभिमानाने म्हणाला.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मी ॲक्रिलिक आणि पॉलिव्हिस्कोज दोन्ही हातांत घेऊन चुरगळून बघत होतो, तेवढ्यात स्टुलावर बसलेले एक म्हातारबुवा उठले.

हे स्वतःच्या किल्टचा चामडी पट्टा बदलून घ्यायला आले होते. पोट वाढलं, पट्टा पुरेना. त्यामुळे किल्ट कमरेभोवती एका हाताने धरूनच त्यांचा पुढचा सगळा संवाद झाला. लाल टार्टन, म्हणजे स्कॉटिश चौकडीचं कापड, जाड लोकर, कडेच्या दशा झिजलेल्या. त्यांनी माझ्या हातातल्या ॲक्रिलिककडे असं पाहिलं की मी ती पटकन खाली ठेवली.

"ते कापड नाही," ते म्हणाले. "ते तेल आहे. जमिनीतून काढलेलं."

मी म्हटलं, मी दुसरी घेतोय, पॉलिव्हिस्कोजची.

"अर्धं तेल."

दुकानदाराने माझ्याकडे बघून डोळे मिटले. त्याला पुढचा अंक पाठ असावा. म्हातारबुवांनी मोकळ्या हाताने ॲक्रिलिकच्या दशांतला एक धागा उपटला. "अंकल, नाही, माल जाळायचा नाही," दुकानदार कळवळून म्हणाला. पण ते मला दंडाला धरून फुटपाथवर घेऊन गेले होते. आता त्यांचे दोन्ही हात कामात. किल्ट धरणार कोण? त्यांनी मला सांगितलं, "जरा धर." आणि मी, जालना जिल्ह्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा चिरंजीव, एका अनोळखी स्कॉटिश गृहस्थाची किल्ट त्यांच्या कमरेवर धरून रॉयल माइलवर उभा राहिलो. वारा पश्चिमेकडून. एडिंबरात तो सुट्टी घेत नाही.

लायटर विझला. पुन्हा विझला. मग त्यांनी मला वाऱ्याच्या बाजूला उभं केलं, आडोसा म्हणून. धागा पेटला, काळा धूर सोडून आक्रसला आणि टोकाला एक टणक काळा मणी उरला. "दाब," म्हणाले. दाबला. नख दुखलं. मग त्यांनी स्वतःच्या किल्टचा धागा तोडला. तो धुमसला, ज्योत काढताच विझला, बोटांत धरल्यावर राखेची भुकटी झाली. "वास घे!" केस जळल्याचा वास. एवढ्यात एक जपानी जोडपं आमचा फोटो काढू लागलं. पायपर धून थांबवून बघत होता. मला वाटतं, त्या फोटोत मी कायमचा राहणार: म्हाताऱ्याच्या कमरेला दोन्ही हात आणि नाक त्याच्या बोटांत.

"माझ्या आजोबांची आहे," किल्ट परत ताब्यात घेत ते म्हणाले. "हायलँड लाइट इन्फंट्री. पहिलं महायुद्ध. तू कुठला?"

इंडिया म्हटल्यावर कुठे, मुंबई का, वगैरे होतं. मी भोकरदन तालुका सांगत नाही, कुणाला कळत नाही. पण पलटणीचं नाव ऐकलं आणि राहवेना. म्हटलं, असई ठाऊक आहे? आमच्या गावापासून एसटीने थोडंसंच.

म्हातारबुवांचा चेहरा उजळला. असई! १८०३! वेलिंग्टन! शिंदे-भोसल्यांविरुद्धच्या त्या लढाईत वेलिंग्टनच्या इंग्रज फौजेत ७४वी आणि ७८वी या दोन हायलँडर पलटणी होत्या आणि ७४वीची तिथे अक्षरशः कत्तल उडाली. पुढे त्या पलटणीला मानचिन्ह म्हणून हत्ती मिळाला आणि १८८१ मध्ये तीच हायलँड लाइट इन्फंट्रीत विलीन झाली. हे सगळं त्यांनी मला सांगितलं. मी त्या गावच्या बाजूचा, तरी त्यांनी मला सांगितलं. माझे पूर्वज त्या दिवशी कुठल्या बाजूला होते हे विचारण्याची त्यांना गरज वाटली नाही. आता आम्ही जुने संबंधी निघालो म्हटल्यावर त्यांचा आवाज मवाळ झाला, त्यांनी मला वरून खाली नीट न्याहाळलं, बेंबीपासून गुडघ्यापर्यंत बोटांनी हवेत माप घेतलं, आणि वर दिलेलं ते वाक्य उच्चारलं. लहान मुलांच्या रॅकवर बघ की.

किल्ट बेंबीच्या उंचीला बांधतात आणि गुडघ्याच्या मध्यावर संपवतात. पुरुषांच्या तयार मालाची लांबी साधारण २४ इंच. माझी भरली २१. म्हणजे लांबीने बालवर्ग. पण घेर बेंबीवर मोजतात, आणि तिथे मी ४० इंच. मुलांच्या रॅकवरची सगळ्यात मोठी किल्ट दुकानदाराने उत्साहाने माझ्याभोवती गुंडाळली, ती एका कुशीवरून निघाली आणि दुसऱ्या कुशीच्या अलीकडे थबकली. म्हातारबुवा म्हणाले, "अरेरे." मनापासून म्हणाले. व्हॅट गेला.

घरी येऊन वाचत बसलो. आणि आता ऐका. हायलँड लाइट इन्फंट्री ही हायलँड पलटण असूनही १९४७ पर्यंत किल्ट घालतच नव्हती! ट्रूज, म्हणजे टार्टनच्या विजारी घालायची. अपवाद त्यातल्या ग्लासगो हायलँडर्स या एका तुकडीचा, आणि त्यांचं टार्टन ब्लॅक वॉच या दुसऱ्या पलटणीचं, गडद हिरवं-निळं. बुवांची किल्ट होती लालभडक. आजोबांनी ती युद्धात नेसली असेल तर शत्रूकडून नेसली असेल. हे मला तिथे, फुटपाथवर, जपानी जोडप्यासमोर म्हणता आलं असतं. रात्री अकरा वाजता बायकोला सांगून काय उपयोग? ती म्हणाली, "बरं. झोप आता."

लोकर श्रेष्ठ आहे, यात वादच नाही. वजनामुळे झुलते छान, वाऱ्यात जागेवर राहते, ओलावा पिऊनही अंगाला ओली लागत नाही, वाफ देऊन बसवलेल्या निऱ्या वर्षानुवर्षं टिकतात. पण तिला कसर लागते, ती मांडीला टोचते आणि ड्रायक्लीनवाला तिच्याकडे बघून हात चोळतो. ॲक्रिलिकला काही दिवसांत गोळे धरतात आणि चालताना ती पायांना चिकटते. पॉलिव्हिस्कोज हलकी, म्हणून वाऱ्याची भीती, आणि इस्त्री तापली की चकाकी धरते. पण मशीनमध्ये धुता येते, टोचत नाही, आणि माझ्यासारख्याला वर्षातून एखाद्या लग्नाला पुरते. एवढा साधा हिशेब आहे. तो मांडायला लागलो की ज्याची लोकर आजोबांकडून फुकट आली आहे तो माणूस लायटर काढतो. सातशे पौंड खर्चून लोकरीची किल्ट घेतलेला एकही जण मला उपदेश करायला आला नाही. तो बिचारा गप्प असतो. पुण्यात वडिलोपार्जित वाड्यात राहणारे लोक फ्लॅटवाल्यांना चौकाची महती सांगतात तेव्हाही मला असंच होतं.

आणि परंपरा परंपरा म्हणजे तरी किती जुनी? १७४६ च्या कायद्याने हायलँड पोशाखावर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं काळं पाणी. १७८२ ला बंदी उठली. मग १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळ्या गावाला टार्टनमध्ये बुडवलं आणि त्या अवाढव्य राजाने किल्टखाली गुलाबी घट्ट विजार चढवली. त्याच्या पोशाखाचं बिल झालं १,३५४ पौंड १८ शिलिंग. तेव्हाचे! घेराचा प्रश्न त्यालाही होता. त्याला कुणी मुलांच्या रॅककडे पाठवलं नाही.

शेवटी ब्लॅक वॉच घेतली. एरवी टार्टन घराण्याघराण्याचं असतं, हे मात्र कुणीही नेसावं, आडनाव विचारत नाहीत. पाच वारांची, पॉलिव्हिस्कोज, प्रौढ घेराची. आता लांबी तीन इंच कमी करायची. मी म्हटलं, खालून दुमडून शिवा. दुकानदार हळहळला. किल्ट खालून दुमडत नाहीत, तळाला कापडाचा मूळ काठच ठेवतात. दुमडलं तर निऱ्या फुगतात. तेव्हा वरून कापायची, निऱ्या पुन्हा बसवायच्या, कमरपट्टी उसवून पुन्हा लावायची, पट्टे-बकलं पुन्हा टाचायची. म्हणजे काम जास्त. म्हणजे पैसे जास्त. उंच माणसाला जितक्याला मिळते त्यापेक्षा तीन इंच कमी कापड मला तीस पौंड जादा देऊन मिळालं.

मी विचारलं, कापलेला तुकडा तरी परत द्याल ना?

"क्यूँ नहीं, भाईसाब," तो म्हणाला. "उसकी मॅचिंग बो-टाय बना देते हैं. सिर्फ बारह पौंड."