पाच वाक्यांचा गृहपाठ

रात्री साडेनऊ. ताक-भाताचा शेवटचा घास तोंडात असतानाच चिरंजीवांनी वही पुढे सरकवली. "बाबा, रिसाउंडिंगची पाच वाक्यं. उद्या दाखवायचीत."

"सोप्पंय. रिसाउंडिंग म्हणजे घुमणारा…"

"बाईंनी 'रिझाउंडिंग' सांगितलंय. स नाही, झ."

डिक्शनरी उघडली. बाई बरोबर होत्या. मराठी माध्यमाचा पहिल्याच चेंडूवर त्रिफळा.

अर्थ लागला, पण मराठी लागेना. विजय असेल तर दणदणीत. अपयश असेल तर सपशेल. टाळ्यांचा कडकडाट आणि नकार साफ. "कानाखाली असेल तर सणसणीत," स्वयंपाकघरातून हिने भर घातली. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा मसाला. इंग्रजाने एकाच डबीवर सगळा स्वयंपाक उरकलाय.

"पण मग एको आणि हे एकच ना?"

इथे मला चेव आला. म्हटलं, आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर पळतो. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला समोरची भिंत निदान 17 मीटर लांब हवी. विजापूरचा गोल घुमट बघ, आतून सुमारे 38 मीटर रुंद. 1656 साली गेलेला मोहम्मद आदिलशहा खाली निजलाय आणि वरच्या सज्जात सहलीची पोरं दिवसभर "ओ ऽऽ" करतायत. (एवढा घुमट बांधून झोपेची ही तऱ्हा!) आपलं बाथरूम पाच बाय सात. तिथे एको कुठला? टाइल्स आवाज पीत नाहीत, तो नुसता भिंतीभिंतींवर आपटत घुमतो. गाद्या-पडद्यांच्या खोलीत तेच गाणं मरतं.

"दाखवा."

दाखवलं. दार लावून भूपाचा आलाप घेतला. रात्री भूप, म्हणजे वेळसुद्धा शास्त्रशुद्ध. काय लागला होता षड्ज! वरच्या 'सा'ला तर बादलीतला मगही थरथरला, असं मला वाटलं. डक्टची काच उघडी आहे हे मात्र लक्षात नव्हतं.

"झालं का?" वरून तिसऱ्या मजल्यावरच्या काकू.

"अंतरा राहिलाय, काकू. घेऊ?"

"नको!"

तो 'नको' तिसऱ्या मजल्यावरून निघाला, डक्टभर आपटला आणि पार्किंगमधल्या वॉचमनपर्यंत पोचला. तो खाली हसल्याचंही ऐकू आलं.

बाहेर आलो तर चिरंजीव मान खाली घालून पाचवं वाक्य लिहीत होते. "बाबा, नेबरचं स्पेलिंग सांगा."