रंगावरून क्रोटनची जात ठरत नाही

“पानाचा रंग पाहा, क्रोटनची जात ओळखा” असा, क्रोटन या रंगीत पानांच्या शोभेच्या झाडाबद्दलचा एक संदेश आमच्या वर्धा जिल्ह्यातील गावांत मोबाइलवर फिरत आहे. लाल पान म्हणजे पेट्रा, पिवळे ठिपके म्हणजे गोल्ड डस्ट, पीळ पडलेले पान म्हणजे रोग आणि क्रोटन हा जमालगोट्याचाच प्रकार, असे त्यात म्हटले आहे. तो वाचून शेजारच्या एका काकूंनी निरोगी झाड उपटून टाकले, म्हणून हे लिहीत आहे.

पहिले विधान सर्वांत फसवे आहे. एकाच झाडाच्या गुटी कलमांची (फांदीला झाडावरच मुळे फोडून केलेली), म्हणजे एकाच जातीची, दोन रोपे मी लावली, एक गोठ्याच्या दक्षिणेकडील भिंतीशी आणि दुसरे कडुनिंबाखाली. वर्षभरात पहिले तांबडे-केशरी झाले, तर दुसरे जवळजवळ हिरवेच राहिले. पेट्राचे कोवळे पानही हिरवे-पिवळेच असते आणि लाली चढते ती पान जून झाल्यावर, तीही पुरेसा उजेड मिळाला तर. त्यामुळे जात पाहायची असेल तर पानाचा आकार आणि रंगाची मांडणी पाहावी. पेट्राचे पान रुंद असते आणि रंग शिरांच्या कडेने उठून दिसतो.

ठिपक्यांचे विधान अर्धे खरे आहे. गोल्ड डस्टच्या लहान, लांबट-गोल पानांवर पिवळे ठिपके असतातच, पण ठिपकेदार जाती इतरही आहेत.

काकूंनी उपटलेले झाड मॅमी होते. त्या जातीचे पान जन्मतःच पीळदार असते. काही जातींत तर पानाचे पाते मध्येच तुटून पुढचा तुकडा नुसत्या मधल्या शिरेला लोंबतो, आणि तेही त्या जातीचे लक्षणच आहे. पानामागे पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस किंवा लाल कोळ्याचे बारीक जाळे दिसले, तरच किडीची शंका घ्यावी.

जमालगोट्याचा घोळ नावातून आला आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये या शोभेच्या झाडाला क्रोटन वंशात घातले होते. पुढे ते कोडिएम या वेगळ्या वंशात गेले, पण बोलण्यात जुने नाव राहिले. जमालगोटा मात्र खऱ्या क्रोटन वंशातील आहे आणि त्याच्या बिया तीव्र रेचक आहेत. दोघांचे कुळ एक, एवढेच.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही, ती गल्लत अ‍ॅकॅलिफा या दुसऱ्या शोभेच्या झुडपाची आहे. तांबड्या पानांमुळे तेही क्रोटन म्हणून विकले जाते. मात्र त्याचे पान पातळ आणि कडेने दातेरी असते, तर क्रोटनचे जाड, चकचकीत आणि दाते नसलेले असते.