कंटाळवाणी रोजनिशी वाचावी ती लॉरेल अलरिक यांच्यासारखी

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक पुस्तक सक्तीने वाचायला लावायचं असेल, तर मी अमेरिकन इतिहासकार लॉरेल थॅचर अलरिक यांचं 'अ मिडवाइफ्स टेल' हातात देईन. पुस्तकात लढाई नाही, राजा नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेन राज्यातल्या केनेबेक नदीकाठचं हॅलोवेल हे गाव आणि तिथली एक सुईण, एवढाच पसारा. पण जुन्या कागदातून माहिती कशी काढायची, हे इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं पुस्तक चटकन डोळ्यांसमोर येत नाही.

आधी मूळ कागद समजून घेऊ. सुईणीचं नाव मार्था बॅलार्ड, जन्म 1735 चा. जानेवारी 1785 मध्ये ती रोजनिशी लिहू लागली आणि मे 1812 पर्यंत, म्हणजे मरणाच्या अगदी जवळ येईपर्यंत लिहीत राहिली. 27 वर्षं, 9,965 नोंदी. त्यांत तिने केलेली 816 बाळंतपणं आहेत. समासात तारीख, वार आणि बाळंतपणाचा अनुक्रमांक असतो. मजुरी चुकती झाली की तिथेच दोन फुल्या पडतात. मजकूर म्हणाल तर आज हवा कशी होती, नदी कशी ओलांडली, कुणाच्या घरी रात्र काढली, कोणती मुलगी मागावर बसली, वाफ्यात काय पेरलं. बस्स. मनातलं जवळपास काहीच नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या स्थानिक इतिहासकाराने ही रोजनिशी पाहिली आणि काही अपवाद सोडले तर सर्वसाधारण वाचकाच्या कामाची नाही असा शेरा मारून पुढे गेला. 1970 च्या दशकात सुइणींचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही ती घरकामाच्या फुटकळ तपशिलांनी भरलेली म्हणून बाजूला ठेवली. म्हणजे स्त्रियांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनाही त्यात स्त्री सापडली नाही. अलरिक यांना सापडली, कारण त्यांनी या तपशिलांना फुटकळ मानलंच नाही.

अशी रोजनिशी हाती आली की बहुतेक जण चटपटीत नोंदी वेचायला लागतात. तशा नोंदी मार्थाकडेही आहेत. एप्रिल 1789 मध्ये ती एका बाळंतपणाला निघाली, नदीला पूर होता, वादळ चालू होतं आणि एक मोठं झाड मुळासकट उपटून तिच्या समोरच पडलं. घोडा मागे सरला म्हणून ती वाचली. तेव्हा ती 54 वर्षांची होती. हा प्रसंग पुस्तकात आहेच, पण पुस्तक त्यावर उभं नाही. नाट्यमय नोंदी तेवढ्या उचलल्या तर एका धाडसी बाईची कथा मिळते, तिचं रोजचं काम कळत नाही. रोजचं काम कळायला मोजावं लागतं. अलरिक यांनी बाळंतपणं, मजुरी, प्रवास, कापड आणि आजारपण वेगवेगळं काढून वर्षांमागून वर्षं मोजलं. मग तेच आकडे गावच्या जन्मनोंदी, कोर्टाचे कागद, करआकारणीच्या याद्या आणि हेन्री सीवॉल या गावकऱ्याची रोजनिशी यांच्याशी ताडून पाहिले. हे काम किचकट आहे. मार्था बायकांची नावं अनेकदा नवऱ्याच्या आडनावानेच लिहिते. पिढ्यान् पिढ्या तीच चार नावं फिरत असतात. एका घराची मांडणी चुकली की दोन बायकांची एकच बाई होते आणि पुढची सगळी गणती बिघडते.

मोजणीतून काय निघतं ते बघा. 1785 ते 1797 या काळात मार्थाने 106 पहिलटकरणींची बाळंतपणं केली. त्यांतल्या 40 जणींना, म्हणजे 38 टक्के, लग्नाआधीच दिवस गेले होते. 40 पैकी 31 जणींची लग्नं बाळंतपणाच्या आत उरकली होती, 9 जणी अविवाहितच होत्या. प्युरिटन, म्हणजे कडक धार्मिक शिस्तीच्या वळणाच्या न्यू इंग्लंडबद्दल (मेन याच भागातलं) आपल्या डोक्यात जे चित्र असतं, ते या एका गणतीने बदलतं. कुमारी माता असेल तर ऐन कळांत तिला मुलाच्या बापाचं नाव विचारायचं, ही सुईणीची जबाबदारी होती. तेव्हा घेतलेलं नाव पोटगीच्या खटल्यात पुरावा म्हणून चाले. ऑक्टोबर 1791 मध्ये सॅली पियर्स नावाच्या मुलीने कळा देताना नाव घेतलं ते मार्थाच्या मुलाचं, जोनाथनचं. मार्थाने ते रोजनिशीत जसंच्या तसं उतरवलं. थयथयाट नाही, सारवासारव नाही. पुढच्या फेब्रुवारीत दोघांचं लग्न झालं. एकटी ही नोंद वाचली तर घरातली भानगड वाटते. 106 च्या हिशेबात ठेवली की गावाची रीत दिसते: प्रश्न अब्रूपेक्षा मूल पोसणार कोण, हा होता.

मृत्यूंचा हिशेबही असाच. मार्थाच्या हातून झालेल्या बाळंतपणांत साधारण 198 मागे एक बाई दगावली, आणि तीही प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी नव्हे, नंतरच्या दिवसांत. अलरिक तुलनेला 1930 सालची अमेरिका घेतात. तेव्हा हे प्रमाण 150 मागे एक होतं. मार्थाच्या काळच्या युरोपातल्या प्रसूतिगृहांत तर एका बाईचा संसर्ग डॉक्टरांच्या हातांतून दुसरीला जायचा आणि बायका ओळीने मरायच्या. मार्था एका वेळी एकाच घरात, एकाच बाळंतिणीपाशी असायची. यात तिच्या कौशल्याचा वाटा किती आणि या परिस्थितीचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. म्हणून तिला देवी करून टाकण्याची गरज नाही. पण तिच्याच गावातल्या तरुण डॉक्टर पेजचं उदाहरण बोलकं आहे. एका बाळंतिणीच्या घरच्यांनी घाबरून त्याला बोलावलं. त्याने लॉडनम, म्हणजे अफूचा अर्क, 20 थेंब पाजला. नीट चाललेल्या कळा जवळपास थांबल्या आणि बाई संध्याकाळपर्यंत गुंगीत पडून राहिली. तिला उलटी झाल्यावर कळा परतल्या आणि मग ती मोकळी झाली. या पेजची फी मार्थाच्या जवळपास तिप्पट होती.

मला मात्र पुस्तकातला सर्वांत मोठा शोध मागाचा वाटतो. नवरा एफ्राइम जमीन मोजायचा, लाकडाची गिरणी चालवायचा. सरकारी कागदांत त्याचं नाव आहे, बायकोचं नाही. रोजनिशीत मात्र घरात चालणारा दुसरा अख्खा व्यवहार दिसतो: जवसाच्या धाग्याचं सूत, माग, शेजारणींकडून उसनी घेतलेली मागाची फणी, विणायला येणाऱ्या मुली, सुताच्या बदल्यात कापड, कापडाच्या बदल्यात मदत. मुली मागावर आणि चुलीशी असल्या की मार्था रात्री-अपरात्री बाहेर पडू शकत होती. मुली लग्न होऊन गेल्या, तशी तिच्या बाळंतपणांची संख्याही घटत गेली आणि घरकामाच्या तक्रारी वाढल्या. एका बाईचा पेशा तिच्या मुलींच्या वयावर कसा अवलंबून असतो, हे दुसऱ्या कुठल्याही कागदात दिसलं नसतं.

अलरिक यांचा स्वतःचा प्रवास थोडक्यात सांगते. जन्म 1938, आयडाहोतल्या शुगर सिटी गावचा, मॉर्मन या अमेरिकन ख्रिस्ती पंथाच्या घरातला. पाच मुलं वाढवत शिक्षण चाललं आणि न्यू हॅम्पशायर विद्यापीठाची पीएचडी झाली 1980 मध्ये. तिथेच त्या शिकवत होत्या, 1995 मध्ये हार्वर्डला गेल्या. 'अ मिडवाइफ्स टेल' 1990 चं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. टी-शर्टांवर आणि मगांवर छापलं जाणारं 'वेल-बिहेव्ड विमेन सेल्डम मेक हिस्टरी' (सभ्यपणे वागणाऱ्या बायका क्वचितच इतिहास घडवतात) हे वाक्य त्यांचंच, 1976 च्या एका शोधनिबंधातलं. निबंधाचा विषय होता धर्मनिष्ठ बायकांच्या मरणानंतर पाद्र्यांनी दिलेली प्रवचनं. मुकाट्याने काम करत राहिलेल्या बायकांकडे इतिहासाने पाहिलंच नाही, ही त्या वाक्यामागची खंत होती. बंडखोरीचा संदेश म्हणून ते मिरवलं जातं याचं मला वाईट वाटतं, कारण त्यात मार्थासारखीच बाई पुन्हा बाजूला पडते.

कागद नसेल तिथे काय करायचं, हे त्यांच्या 2001 च्या 'द एज ऑफ होमस्पन' या पुस्तकात आहे. टोपली, चरखा, अर्धवट विणलेला मोजा अशा वस्तू घेऊन त्या इतिहास सांगतात. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडली गावचं एक कपाट आहे, साधारण 1715 चं. दर्शनी भागावर हॅना बर्नार्ड हे नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं. जमीन मुलग्यांकडे जायची, मुलींना हलवता येणाऱ्या वस्तू मिळायच्या आणि माहेरचं आडनाव लग्नात पुसलं जायचं. हॅना लग्नानंतर दोनच वर्षांत, बाळंतपणानंतर गेली. कपाट लेकीकडे गेलं आणि नातीचं नाव ठेवलं गेलं हॅना बर्नार्ड हेस्टिंग्ज. मालमत्तेच्या यादीत असं कपाट नुसतं 'एक कपाट' म्हणून येऊ शकतं. म्हणून अलरिक यादीही वाचतात आणि वस्तूपाशीही जातात.

आपल्याकडे आजीची जमाखर्चाची वही, दुधाचा हिशेब, लग्नातल्या आहेराची यादी सर्रास रद्दीत जाते. द्यायच्या आधी निदान सगळ्या पानांचे फोटो काढा, तारखांच्या क्रमाने लावा आणि कोण कुणाचं कोण, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. नाती माहीत असणारं माणूस गेलं की नुसती नावं उरतात आणि ती जुळवता येत नाहीत.

मार्थाची रोजनिशी 'डू हिस्टरी' या संकेतस्थळावर वाचता येते, तिच्या हस्ताक्षरातलं पान आणि त्याचा छापील मजकूर दोन्ही. एप्रिल 1789 उघडा. झाड पडलं तो दिवस सोडा, त्याच्या आधीचे-नंतरचे दहा-दहा दिवस वाचा आणि ती किती रात्री घराबाहेर होती ते मोजा.