एप्रिलची छाटणी

गेल्या रविवारी मी एका लग्नात रिव्हर्स गिअरमध्ये शिरलो. बाकीचे पाहुणे तोंड पुढे करून आले, मी पाठ करून आलो, आणि नवरदेवाच्या घोड्यानेही मान वळवून बघितलं.

गाडी लाल, दोन दारांची, मागे उतरत जाणाऱ्या छपराची. मी तिचा तिसरा मालक. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात तिचा दोष नाही. दोष माझा, आणि हे मी मरेपर्यंत म्हणणार, रस्त्याचा. या जातीच्या गाडीला कूपे म्हणतात. आमच्या सासऱ्यांना कूपे म्हटलं की रेल्वेचा पहिला वर्ग आठवतो. गाडी घेतली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “बर्थ आहेत का?”

युरोपात ही बेताच्या पगारातली चैन. युक्ती साधी आहे. घरगुती हॅचबॅकचा सांगाडा घ्यायचा, वर बुटकं छप्पर ठेवायचं आणि मागची दोन दारं काढून टाकायची. फोक्सवॅगनने १९७४ साली गोल्फच्याच सांगाड्यावर सिरोको काढली, फोर्डने १९९७ साली फिएस्टावर प्यूमा. खाली पोहे तेच, वर ओलं खोबरं. इंजिन पुढे आडवं बसवलेलं, ओढायची ती पुढचीच चाकं. मागपर्यंत शाफ्ट न्यायचा खर्च वाचतो. मग ती आयातशुल्क भरून आपल्याकडे येते तेव्हा श्रीमंताची होते, आणि तिसऱ्या मालकापर्यंत पोचली की पुन्हा आपली.

पण नाशकात हे सांगायचं कुणाला? इथे बोलेरो आणि स्कॉर्पिओ बनतात. दर दुसऱ्या घरात सातपूरला नोकरी केलेले एक काका असतात. आमच्या लोकांच्या मते गाडी ही चढायची वस्तू आहे. माझ्या गाडीत उतरावं लागतं, विहिरीत उतरल्यासारखं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पेढा तोंडात असतानाच विचारलं, “दोन दारं कमी, मग पैसेही कमी घेतले असतील ना त्यांनी?” मी हसलो होतो. आता तसा हसत नाही.

गाडीच्या पोटाखाली साडेतेरा सेंटिमीटर जागा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्यावरून अलगद जाते. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी जो आहे तो उंचीला विटेएवढा आणि रुंदीला पोळपाटाएवढा. कोणी बांधला, कुणाला माहीत नाही. एका रात्रीत उगवला. तीर्थक्षेत्र आहे, स्वयंभू असणार. सिंहस्थ जवळ आल्यापासून तर असं झालंय की आज ज्या रस्त्याने ऑफिसला गेलो तो संध्याकाळी परतताना असेलच याची खात्री नाही. कुंभाला येणाऱ्या साधूंबद्दल मला आदर आहे, पण ते पायी येतात.

असो. लग्न.

गिरणाऱ्याच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या मधोमध एक लॉन्स. मुख्य रस्त्यापासून कमानीपर्यंत मुरमाचा चढ. मे महिना असूनही पहाटे अवकाळी कोसळून गेलेला. पुढे माझ्या शेजारी ही, मागे हिची मावशी पैठणी सावरत पाय पोटाशी घेऊन बसलेली, आणि डिकीत आहेराचं पितळी घंगाळ. निम्मा चढ झाला आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला. मी ॲक्सिलरेटर दाबला, ज्याची काही गरज नव्हती. चिखलाचा सडा मागच्या बोलेरोच्या काचेवर गेला. बोलेरोवाला वायपर चालवून बाजूने निघून गेला. त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात कमानीकडून एक आजोबा आले. पांढरं धोतर, पायात रबरी बूट, टोपीवर मानाचा फेटा, गळ्यात मानाचं उपरणं, हातात अर्धवट खाल्लेली जिलबी. ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले. मग दुसरी. मी काच खाली केली.

“मागचं दार कुठाय?”

“नाहीये, बाबा. दोनच दारं असतात हिला.”

“मंग ह्या बाईंना कसं भरलं?”

मागून मावशींचा आवाज आला, “विचारू नका हो.”

“कूपे म्हणतात,” मी म्हणालो. अशा वेळी माणसाने गप्प बसावं, पण मला माहिती द्यायची खोड आहे. “फ्रेंच शब्द. म्हणजे कापलेली. पूर्वी बग्गीचा एक भाग कापून आखूड करायचे, त्यावरून.”

आजोबांनी जिलबीचा तुकडा तोडला. “म्हंजे छाटणी केल्याली.”

“तसंच.”

“एप्रिलची का ऑक्टोबरची?”

द्राक्षाच्या मुलखात न राहणाऱ्यांसाठी सांगतो. बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या छाटणीनंतर नुसती काडी वाढते, माल ऑक्टोबरच्या छाटणीनंतर धरतो. मी उत्तर देण्याच्या आत आजोबांनी स्वतःच गाडीकडे एक नजर टाकून निकाल दिला.

“एप्रिलची. नुस्ती काडी. घड नाय.”

ही हसली. माझी बायको, जिला मी सोळा वर्षं विनोद सांगतोय, ती हसली.

“ओढतंय कोणतं चाक?” आजोबांनी वाकून खाली बघितलं.

“पुढचं.”

“आन् वळतंय?”

“तेही पुढचंच.”

“वाट दावायची त्यानंच, आन् ओढायचं बी त्यानंच?” ते खरोखर हळहळले. “आन् मागचे दोघं काय करतेत?”

मी विचार केला. “मागचे नुसते येतात.”

“पाव्हण्यागत.” त्यांनी उरलेली जिलबी तोंडात टाकली, उपरण्याच्या टोकाला बोटं पुसली, आणि प्राथमिक शाळेतल्या मास्तरांच्या आवाजात सुरुवात केली. “हे बगा भाऊ. ट्रॅक्टर चढाला लागला का त्याचं तोंड हलकं होतं. उचलतं बी कवाकवा. वजन सगळं मागं येतं. ट्रॅक्टरला ते चालतं, ओढणारं चाक मागंच हाये. तुमचा बैल हाये पुढं. चढाला लागला का बैलच हलका. त्यात तुम्ही बाई भरली मागं, डिकीत काय हाये?”

“घंगाळ.”

“घंगाळ बी मागं!” त्यांनी आकाशाकडे बघितलं.

मला वाईट कशाचं वाटलं? मला हे सगळं माहीत होतं. सपाटीवर अशा गाडीचं साधारण साठ टक्के वजन पुढे असतं, चढावर ते मागे सरकतं, पुढच्या टायरांची पकड सैल होते. टॉर्क, वजनाचं स्थानांतर, सगळं वाचलेलं. गंगापूर रोडला चहा पिताना दोन-तीन जणांना समजावूनही सांगितलेलं. पण चिखलात उभं असताना माझ्या डोक्यात जे यायला हवं होतं ते जिलबी खात चालत आलं.

“दोन उपाय हायेत,” आजोबा म्हणाले. “एक, दोन पोरं बसवू इथं वर.” त्यांनी बॉनेटवर थाप मारली. पितळी अंगठीसकट. माझ्या पोटात कळ आली.

“नको, नको.”

“मंग घंगाळ पुढं बांधू.”

“बाबा, दुसरा उपाय?”

“उलटी घाला. ढुंगण वर करून चढंल. वजन बैलावर येतंय.”

चूक काही नव्हतं त्यात. रिव्हर्समध्ये चढताना इंजिनकडची बाजू उताराला राहते आणि ओढणाऱ्या चाकांवर भार येतो. पण शास्त्र वेगळं आणि आठ लाखांची लाल स्पोर्टी गाडी पाठमोरी मांडवात नेणं वेगळं. मी म्हणालो, “मी खालीच लावतो, आम्ही चालत येऊ.” मावशींनी मागून जाहीर केलं की पैठणी चिखलात घालायला तिचा बाप मेलेला नाही. बाप १९८३ साली गेला, पण मुद्दा पोचला.

मुख्य रस्त्यापर्यंत घसरत खाली आलो, गाडी वळवली. आजोबा चढावर मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हातांनी, विमान उतरवत असल्यासारखे, बोलवायला लागले. “येऊ द्या! येऊ द्या! डावं घ्या! आवो, तुमचं डावं!” हे ऐकून वरातीतली पोरं आली. बँडवाले मोकळे होते, तेही आले. या गाडीच्या मागच्या काचेतून बघणं म्हणजे पोस्टाच्या पेटीच्या फटीतून बघणं. मला फक्त आजोबांचा फेटा आणि मावशींचा अंबाडा दिसत होता. गाडी चढली. एकदाही न घसरता. हे मी अजून घरी कबूल केलेलं नाही, पण ती अशी चढली की जणू कंपनीने तिला त्याच बाजूने बनवलं होतं.

मावशी आमच्यापैकी सगळ्यांत आधी मांडवात पोचली. त्यानंतरही ती आत अडकलेलीच होती, कारण तिला काढायला आधी हिला उतरावं लागतं, मग सीट पुढे ढकलावी लागते, मग मावशीने डोकं, एक पाय आणि पदर या क्रमाने बाहेर यायचं असतं. मावशीचा क्रम चुकला. ते काम चार मिनिटं चाललं. स्टेजवरच्या निवेदकाने, जो तोपर्यंत सरपंच, चेअरमन आणि माजी चेअरमन यांचं सहर्ष स्वागत करत होता, माइकमधून सांगितलं, “लाल गाडीच्या पाहुण्यांनी कृपया गाडी सुलटी करून घ्यावी.”

जेवताना आजोबा शोधत आले. ते नवरीचे चुलत आजोबा निघाले. त्यांनी मला पंगतीत सहा जणांशी ओळख करून दिली, सहाही वेळा “हे छाटणीवाले” म्हणून. निघताना गाडीत बसून बघायची इच्छा दाखवली. बसले. मग उठता येईना. मी आणि त्यांच्या नातवाने एकेक हात धरून बाहेर काढलं. धोतर झटकत म्हणाले, “बसायला झ्याक हाये. खाटंवर पडल्यागत. पण माणूस खाटंवर पडून लग्नाला जातो व्हय?”

याला उत्तर मला परवा सुचलं, आंघोळ करताना, आणि आता ते सांगायला आजोबा समोर नाहीत, म्हणून तेही वाया.

परवाच रात्री पुन्हा सर आली. आमच्या सोसायटीच्या बेसमेंटचा उतार गुळगुळीत कोब्याचा आहे. सकाळी ऑफिसला निघालो तर दोनदा चाक फिरलं, दिवा लुकलुकला. मी इकडेतिकडे बघितलं. बेसमेंटमध्ये कोणी नव्हतं. गाडी वळवून घेतली, रिव्हर्स टाकला, मान मागे केली.

वर उताराच्या तोंडाशी वॉचमन उभा होता. त्याने खुर्ची बाजूला सरकवली, तोंडात शिट्टी धरली आणि दोन्ही हात पुढे केले.