गैरहजर राहून हजर कसे राहावे

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची विद्या ज्यांना अवगत आहे, त्यांना ऑनलाइन खेळांत निष्क्रिय खेळाडूला बाहेर काढणाऱ्या घड्याळाबद्दल नव्याने काही शिकवण्याची खरे तर गरज नाही. तरीही नव्या पिढीतील पुष्कळ मंडळी अजून असे मानतात की, हजारो लोक एकाच वेळी वावरत असलेल्या खेळात आपण शिरलो असू तर तेथे काहीतरी खेळायला हवे, आणि खेळायचे नसेल तर बाहेर पडायला हवे. या भाबड्या समजुतीतून त्यांची सुटका करणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शत्रूची ओळख करून घ्यावी. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये ५ मिनिटे आपला हात कशालाही लागला नाही की आपल्या पात्राच्या नावाला ‘एएफके’, म्हणजे ‘कीबोर्डपासून दूर’, अशी पाटी लागते, आणि असाच अर्धा तास लोटला की खेळ आपल्याला बाहेर काढतो. बाहेर काढण्यापूर्वी तो तशी सूचना देतो व ‘रद्द करा’ असे बटणही पुढे करतो. जो गृहस्थ अर्ध्या तासापासून आतल्या खोलीत झोपलेला आहे, त्याला या बटणाचा केवढा आधार वाटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

या व्यवस्थेच्या बाजूने कंपन्या असा युक्तिवाद करतात की सर्व्हरवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या संगणकांवर, जागा मोजक्या असतात, उभ्या असलेल्या प्रत्येक पात्राची खबर आसपासच्या सर्वांना सतत पोहोचवावी लागते, आणि म्हणून जो खेळत नाही त्याने खेळू इच्छिणाऱ्यासाठी जागा सोडावी. हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. मात्र जागा सोडल्यावर ती परत मिळेलच, याची हमी कोण देणार, या प्रश्नाला त्यात उत्तर नाही, आणि आपले सारे तत्त्वज्ञान याच एका प्रश्नावर उभे आहे.

डिसेंबर २०२१ चे उदाहरण प्रत्येक अभ्यासकाने कायम स्मरणात ठेवावे. ‘फायनल फँटसी १४’ या जपानी खेळाचा ‘एंडवॉकर’ हा नवा भाग आगाऊ नोंदणी केलेल्यांसाठी ३ डिसेंबरला खुला झाला आणि दारात माणसांचा असा लोंढा आला की आत शिरण्यासाठी तासन्‌तास ताटकळावे लागू लागले. एका डेटा सेंटरच्या, म्हणजे सर्व्हरांच्या एका गटाच्या, रांगेत १७,००० हून अधिक लोक झाले की ‘२००२’ क्रमांकाची त्रुटी दिसे आणि खेळच बंद पडे. पुन्हा लगेच लॉग-इन केले तर रांगेतील आपला क्रमांक टिकत असे, उशीर झाला तर तो जाई. येथील न्यायाचे सौंदर्य नीट न्याहाळावे. जो बाहेर रांगेत होता, त्याला त्रुटी कधी येईल या धास्तीने पडद्यासमोरून उठता येत नव्हते, मग भाजी करपो वा दारावरची बेल वाजो. आणि जो एकदाचा आत पोहोचला होता, त्यालाच तेवढी जेवायला, झोपायला किंवा कामावर जायला मोकळीक होती, फक्त दर अर्ध्या तासाने कोणीतरी एक कळ दाबली की झाले. वाट पाहणाऱ्याने अखंड हजर राहावे आणि हजर असलेल्याने निवांत गैरहजर राहावे, अशी ही विभागणी होती.

एकेकाने पाळलेल्या या व्रताचा सामुदायिक परिणामही लहान नव्हता. जगभर सेमीकंडक्टरचा तुटवडा असल्यामुळे नवे सर्व्हर उभे करता येत नव्हते, निर्माते-दिग्दर्शक नाओकी योशिदा पुन्हा पुन्हा दिलगिरी व्यक्त करत होते, वर्गणीदारांना आधी ७ आणि मग आणखी १४ दिवस फुकट देण्यात आले, आणि शेवटी डिसेंबरच्या मध्यास कंपनीने खेळाची विक्रीच थांबवली, ती २५ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा सुरू केली. गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभे आहे आणि दुकानदार हात जोडून ‘कृपया विकत घेऊ नका’ म्हणत आहे, असा प्रसंग व्यापाराच्या इतिहासात विरळाच. या गर्दीत निव्वळ रुमालांचा वाटा किती होता, हे रुमालांनाच ठाऊक.

आता साधनांकडे वळू. स्पेसबारवर जड वस्तू ठेवणे हा सर्वांत प्राथमिक उपाय आहे. त्यामुळे आपला शूर योद्धा चौकात रात्रभर एका जागी उड्या मारत राहतो, आणि येणारेजाणारे खेळाडू त्याच्याकडे ज्या नजरेने पाहतात तिला आदर समजावे. पात्राला भिंतीकडे तोंड करून आपोआप चालत ठेवणे हा दुसरा, अधिक ध्यानमग्न मार्ग. कंट्रोलरवाल्यांनी दोन्ही दांड्या रबर बँडने एकमेकींना बांधाव्यात, म्हणजे पात्र गोल गोल फिरत राहते. परंतु या साऱ्यांत मला श्रेष्ठ वाटते ती काट्यांच्या मनगटी घड्याळाची युक्ती: ऑप्टिकल माउस तबकडीवर असा ठेवावा की सेकंदकाटा त्याच्या दिव्याखालून जाईल. काटा सरकला की माउसला वाटते आपण सरकलो, आणि खेळाला वाटते आपण जागे आहोत. खेळाचे घड्याळ हरवायला आपले घड्याळ लावण्यात जो काव्यात्म न्याय आहे, तो स्पेसबारवरच्या पेपरवेटमध्ये नाही. त्याच कामासाठी छोटे प्रोग्रॅमही मिळतात, पण ते बहुतेक खेळांच्या नियमांत बसत नाहीत आणि त्यापायी खाते कायमचे बंद होऊ शकते. रबर बँड वापरणाऱ्याच्या मनाला निदान हस्तकलेचे समाधान तरी लाभते.

‘माइनक्राफ्ट’च्या मंडळींनी तर या कलेला स्थापत्यशास्त्राचा दर्जा दिला आहे. तेथे सर्व्हर चालवणारा किती मिनिटांनी हाकलायचे हे स्वतः ठरवतो, आणि मुळात हा आकडा शून्य, म्हणजे कधीच नाही, असा असतो. एखाद्या कठोर मालकाने तो बदलला तर रहिवासी वाहत्या पाण्याचे चौकोनी कुंड बांधतात व स्वतःला त्यात सोडून निघून जातात. पाणी देहाला फिरवत ठेवते आणि सर्व्हर समजतो की माणूस कामात आहे.

सावध राहावे लागते ते चौकशी करणाऱ्यांपासून. जुन्या ‘रूनस्केप’मध्ये सँडविच विकणारी एक बाई अवचित येऊन खेळाडूला ठरावीक पदार्थ उचलायला सांगत असे, आणि जो चुकीचा पदार्थ उचले तो तडाखा खाऊन भलत्याच गावी जाऊन पडे. माणसाऐवजी आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रॅमांना पकडण्यासाठी असे नाना पाहुणे त्या खेळात सोडलेले होते. आजच्या ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’मध्ये ६ तास सलग आत राहिलेल्याला, तो कितीही इमानाने खेळत असला तरी, बाहेर काढले जाते, हा तर प्रामाणिकांवर उघड अन्याय आहे.

आणि ज्यांना गैरहजेरीचे रूपांतर शस्त्रात करायचे असेल त्यांनी ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळातील जहाजांचा आइसलंडचा खेळ अभ्यासावा. तेथे शत्रूच्या ताऱ्यापाशी जहाज अदृश्य करून खेळाडू खुशाल कामावर निघून जात. त्याचे नाव मात्र तेथे कोण कोण आहे हे दाखवणाऱ्या स्थानिक यादीत झळकत राही, आणि हा जागा आहे की झोपलेला हे कळायला मार्ग नसल्याने तिथले खाणवाले दिवसभर खाणकाम बंद ठेवून बसत. एवढी दहशत प्रत्यक्ष लढणाऱ्यालाही सहसा साधत नाही. कंपनीने पुढे अशी जहाजे उघडी पाडणारे यंत्र आणले. शिवाय रोज ११:०० यूटीसीला, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला, सर्व्हर देखभालीसाठी बंद होतो आणि सगळेच बाहेर पडतात. ती वेळ चहाची असल्याने भारतीयांनी मनाला लावून घेऊ नये.

एवढे कौशल्य कमावल्यावर ते नोकरीत वापरण्याचा मोह होईल. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचे सोंग आणल्यावरून डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना काढल्याची बातमी २०२४ मध्ये आली होती, म्हणून तेथे जपून. आपण पगार घेतो तेथे ही लबाडी ठरते. महिन्याची वर्गणी आपण भरतो तेथे ती निष्ठा आहे.

राहता राहिली एक तांत्रिक सूचना. मनगटी घड्याळाचा सेल कधी संपेल याचा नेम नसतो. पहाटे तीनच्या सुमारास काटा थांबला तर साडेतीनला आपण बाहेर असाल आणि रांग लांबलेली असेल. तेव्हा नवा सेल उशाशी ठेवावा, आणि दर अर्ध्या तासाने उठून काटा फिरतो आहे ना, हे स्वतः पाहून यावे.