‘पुस्तकी’ नव्वद अंशांबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागील लेखात मी लिहिले होते की, अंतराळातून येणाऱ्या मंद चुंबकीय लहरींचे ध्रुवीकरण, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेत किंवा ज्या लंबवर्तुळात झुलते ती दिशा, आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, ओलांडताना साधारणपणे नव्वद अंशांनी वळते; म्हणून जमिनीवरच्या नोंदीत दिसते ती वरची मूळ दिशा नव्हे. त्यावर भुसावळहून एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. तिच्यातील मुख्य वाक्य असे : “नव्वद अंशांचा नियम ध्रुवांकडच्या प्रदेशाचा आहे, तापीकाठी बसून स्कँडिनेव्हियाचे विज्ञान पुस्तकातून उतरवून काढू नका.” याशिवाय मी फॅरेडे परिवलनाशी (आयनांबरातून जाताना रेडिओ लहरींचे ध्रुवीकरण फिरते त्या परिणामाशी) घोळ घातला, पायाखालच्या काळ्या खडकाच्या चुंबकत्वाकडे दुर्लक्ष केले आणि आकृतीत पूर्व दिशा दाखवली नाही, असेही त्यांनी नोंदवले आहे.

आकृतीत पूर्व दिशा राहून गेली होती हे खरे. ती आता दाखवली आहे.

‘उतरवून काढू नका’ या शब्दांबद्दल मात्र बोलणे भाग आहे. मी जळगाव जिल्ह्यातील महाविद्यालयात उभी हयात पदार्थविज्ञान शिकवले आणि चोपडा तालुक्यातील आमच्या शेतात, केळीच्या बांधालगत कमरेइतका खड्डा खणून, या लहरी नोंदवण्यासाठी स्वतः गुंडाळलेली तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, एक उत्तर-दक्षिण आणि एक पूर्व-पश्चिम, पाइपात घालून गाडली होती. विहिरीवरची मोटर सुरू झाली की आलेखाची रेषा थेट कागदाबाहेर जाई, म्हणून थ्री फेज गेल्यावरच नोंदी घ्यायच्या. सालदार टिकाव खांद्यावर घेऊन जवळून गेला तरी रेषा हले. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा विजेच्या ट्रामच्या भीतीने 1904 साली अलिबागला का हलवावी लागली, हे मला कोणत्याही पुस्तकाने त्या मोटरीइतके नीट समजावले नाही. ज्याने हे केले आहे त्याला पुस्तकी म्हणण्यापूर्वी माणसाने थोडी चौकशी करावी.

आता नव्वद अंश. पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषेवरून, ताणलेल्या तारेवरून कंप धावावा तशी, खाली उतरणाऱ्या आल्फवेन लहरीचे चुंबकीय क्षेत्र पूर्व-पश्चिम झुलत असेल, तर तिचे विद्युत क्षेत्र उत्तर-दक्षिण असते. सुमारे 100 ते 120 किलोमीटर उंचीवरच्या वाहक थरात हे विद्युत क्षेत्र दोन प्रवाह निर्माण करते : त्याच दिशेने वाहणारा पेडर्सन प्रवाह आणि त्याला काटकोनात वाहणारा हॉल प्रवाह. पेडर्सन प्रवाह बलरेषांवरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाहांना जोडतो, आणि आयनांबराखाली या दोहोंची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना जवळपास पुसून टाकतात. खालची हवा वाहक नसल्यामुळे ते उभे प्रवाह आपल्यापर्यंत उतरूही शकत नाहीत. उरतो तो पूर्व-पश्चिम वाहणारा हॉल प्रवाह, आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र जमिनीवर उत्तर-दक्षिण दिसते. म्हणजे वरची लहर ‘वळत’ नसून ती झाकली जाते आणि तिच्या जागी दुसऱ्याच प्रवाहाची सावली आपल्याला मिळते. निशिदा यांनी 1964 मध्ये आयनांबराच्या या झाकण्याचा विचार मांडला. ह्यूजेस यांनी 1974 मध्ये आणि साउथवूड यांच्यासह 1976 मध्ये त्याला गणिती रूप दिले. ज्या लहरीची आडवी व्याप्ती शंभरेक किलोमीटरहून लहान आहे, ती तर खाली येईपर्यंत फार क्षीण होते.

हे स्पष्टीकरण बलरेषा जवळपास उभ्या असताना, थर सर्वत्र सारखा असताना आणि येणारी लहर आल्फवेन प्रकारची असताना चोख लागू पडते. आपल्याकडे बलरेषा क्षितिजाशी सुमारे तीस अंशांचाच कोन करते आणि खान्देशातून निघालेली रेषा काही शे किलोमीटर उंचीवरूनच परत उतरते, म्हणजे ती आयनांबरातून पुरती बाहेरही पडत नाही. त्यामुळे येथे 10 ते 45 सेकंदांत एक झोका पुरा करणाऱ्या, पीसी-3 या वर्गातल्या लहरींत वरून दाबलहरीच्या (बलरेषांना आडवीही पसरू शकणाऱ्या लहरीच्या) रूपाने येणारा अंश महत्त्वाचा ठरतो, आणि त्या अंशाला हा नव्वद अंशांचा हिशेब तसाच लागू होत नाही. हे मला ठाऊक होते म्हणूनच मी ‘साधारणपणे’ असे लिहिले होते. तो शब्द आपण वाचला नाही, किंवा वाचून सोयीने सोडून दिला. एरवी आपल्या म्हणण्यात आणि माझ्या म्हणण्यात वादाचा विषय फारसा उरत नाही. तो आपल्या सुराने तयार केला आहे.

आणि नियम जसाच्या तसा लागू नाही, यावरून आयनांबराचा परिणामच नाही असा निष्कर्ष निघत नाही. पहाटे पूर्वेकडे थराची वाहकता झपाट्याने वाढत असते आणि पश्चिमेकडे अजून रात्र असते. या दोन भागांच्या सीमेवर विद्युतभार साचतो, प्रवाहांना वाट बदलावी लागते, आणि ध्रुवीकरणाचे लंबवर्तुळ कलते. कमी अक्षांशांवर या वेळी पूर्व-पश्चिम घटक तुलनेने वाढलेला आढळतो. माझ्या वेटोळ्यांवर उत्तर-दक्षिण झुलणारी रेषा उजाडताना तिरपी होताना मी पाहिली आहे. स्कँडिनेव्हियात नव्हे, चोपड्याजवळ.

फॅरेडे परिवलन ही रेडिओ लहरींची गोष्ट आहे. ज्या लहरीची लांबी आयनांबराच्या जाडीहून कितीतरी मोठी आहे तिच्याशी त्याचा संबंध नाही, आणि माझ्या लेखात त्याचा उल्लेखही नाही. काळ्या खडकाचे स्वतःचे चुंबकत्व स्थिर असते, ते सेकंदांच्या स्पंदनात उतरत नाही. सातपुड्याखाली खोलवर असलेल्या, वीज सहज वाहून नेणाऱ्या पट्ट्याचा परिणाम जरूर होतो, पण तो प्रामुख्याने उभ्या घटकावर, आणि मी आडव्या घटकांबद्दल लिहीत होतो.

आपण शेवटी म्हणता की आपल्याकडे “याच्या उलट दाखवणारी नोंद” आहे. ती अवश्य पाठवावी, मात्र एकाच वेटोळ्यावर घेतलेली नसावी. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हे दोन्ही घटक एकाच घड्याळावर नोंदवल्याशिवाय ध्रुवीकरण काढताच येत नाही, आणि आपल्या वर्णनात मला दुसरा घटक कुठे दिसला नाही.