खिडकी न उतरवता बोटीची गळती थांबत नाही

‘बोटीची खिडकी गळतेय? उतरवायची गरज नाही. बाहेरून कडेने सिलिकॉन मारा, स्क्रू घट्ट आवळा, दहा मिनिटांत काम फत्ते. बोट गोड्या पाण्यात असेल तर थोडं झिरपलं तरी बिघडत नाही.’

हा मेसेज यंदा पावसाळ्याच्या तोंडावर मला सहा जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी तो अमलात आणला आणि मग मला बोलावलं. मी नाशिकच्या सातपूरला अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवतो, आणि गंगापूर धरणाच्या पाण्यावरच्या केबिनवाल्या फायबर बोटींच्या खिडक्याही दुरुस्त करतो. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यामुळे चांगल्या बोटी सडतात, म्हणून लिहितोय.

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण सगळ्यात मोठं नुकसान तेच करतं. गोडं पाणी निरुपद्रवी, हा समज कोकणातल्या बोटींकडे पाहून झालेला आहे. खारं पाणी धातू खातं, हे खरंच. पण लाकडाचं उलट आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. जुन्या काळी लाकडी जहाजांच्या सांगाड्यात मुद्दाम मीठ भरून ठेवत, ते याचसाठी. गोड्या पाण्यात ती बुरशी मजेत वाढते. आणि खिडकीतून येणारं पाणी बहुतेक पावसाचंच असतं, मग बोट गोदावरीवर असो की अरबी समुद्रात.

‘आमची बोट फायबरची, तिला लाकूड कुठे?’ असं मला नेहमी विचारतात. केबिनच्या भिंतीत फायबरच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा प्लायवूड किंवा बाल्सा नावाचं हलकं लाकूड असतं. खिडकीसाठी भिंत कापली की त्या लाकडाची कड उघडी पडते, आणि पाणी नेमकं तिथे पोचतं. मे महिन्यात मी एक खिडकी उतरवली. आतलं पॉलिश चकाचक, बाहेरचा रंग शाबूत. मधला प्लाय मात्र खिडकीखाली वीतभर भिजवलेल्या पोह्यांसारखा झाला होता, बोटांनी निघून आला. मालकांच्या मते ‘पावसाळ्यात चार थेंब यायचे, फडक्याने टिपायचो’. खिडकीचं काम एक दिवसाचं होतं. कुजलेलं खरवडणं, भिंत वाळवणं, इपॉक्सी भरणं यात तीन आठवडे गेले.

आता बाहेरून सिलिकॉन मारण्याबद्दल. फ्रेमला चारी बाजूंनी एक चपटी पट्टी असते, ती भिंतीवर टेकते. पाणी अडवायचं काम त्या पट्टीच्या पाठीमागे, पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये बसलेला मसाला, म्हणजे सीलंट, करतो. तो सुकून, तडकून सुटला की गळती सुरू होते. बाहेरच्या कडेला मारलेली सिलिकॉनची बारीक रेघ धुळीवर आणि उन्हाने भुरकटलेल्या फायबरवर बसते. एक उन्हाळा झाला की ती कुठेतरी केसाएवढी सुटते. पाणी आत शिरायला तेवढी फट पुरते. परत बाहेर पडायला मात्र वाट राहत नाही. सरकत्या खिडकीत तर कहरच. खालच्या ट्रॅकला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, आणि उत्साही माणूस तीसुद्धा ‘फट’ समजून बुजवतो. मग ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या बाजूने केबिनमध्ये सांडतं.

शिवाय सिलिकॉनचा पातळ थर मागे राहतो. त्यावर रंग धरत नाही, दुसरा मसाला धरत नाही, नवं सिलिकॉनही नीट धरत नाही. नवा मसाला भरायला मला तास लागतो, कुणीतरी मारलेलं जुनं सिलिकॉन खरवडायला अर्धा दिवस.

स्क्रू घट्ट आवळायचा सल्ला तर चांगल्या कामाचीही माती करतो. आवळलं की ओला मसाला बाहेर पिळला जातो आणि सांध्यात कागदाएवढा थर उरतो. काचेच्या जागी अ‍ॅक्रिलिक, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, असेल तर तो थर टिकणारच नाही. नाशकात जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत ३० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात एक मीटर अ‍ॅक्रिलिक साधारण २ मिलिमीटर वाढतं, अ‍ॅल्युमिनियम त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. ही ओढाताण सोसायला मसाल्याला जाडी लागते, निदान २-३ मिलिमीटर. म्हणून स्क्रू हलके लावायचे, मसाला धरू द्यायचा. अ‍ॅक्रिलिकला थेट स्क्रू असतील तर भोकं थोडी मोठी ठेवायची, नाहीतर तडे तिथूनच सुरू होतात. एम-सीलसारखी कडक होणारी पुट्टी इथे कामाची नाही, त्याचंही कारण हेच.

‘सिलिकॉन’ म्हणजे कोणतं, हे मेसेजमध्ये नाहीच. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वाळताना अ‍ॅसिड सोडतं, अ‍ॅल्युमिनियमला ते चांगलं नाही, न्यूट्रल घ्या. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम भिंतीवर बसवायला मला ब्युटाइल टेप, म्हणजे रबरासारखी मऊ चिकट पट्टी, आवडते. ती मऊच राहते, आणि पुढच्या वेळी खिडकी न मोडता उतरते. पॉलिसल्फाइड जातीचा मसाला अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या जवळ आणू नका. आणि साफ करायला थिनर किंवा अ‍ॅसिटोन तर नकोच. अ‍ॅक्रिलिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात, त्या जात नाहीत. सौम्य साबणाचं पाणी पुरतं.

दहा मिनिटं? एका खिडकीला दिवस धरा. शक्यतो फेब्रुवारीत करा: हवा कोरडी असते, ऊन मधलं असतं, त्यामुळे सांधा फार ताणलेलाही नसतो आणि दबलेलाही नसतो.

जुलैत गळायला लागली तर खिडकी उतरवू नका, हे मीच सांगतो. भर पावसात उघडी भिंत परवडत नाही. वरची कड आणि दोन्ही बाजू पुसून कोरड्या करा, रुंद वॉटरप्रूफ टेप चिकटवा, खालची कड मोकळी सोडा. दिसायला वाईट, पण नंतर सोलून निघते. बोटीवर ताडपत्री टाका आणि उघडीप मिळेल तेव्हा केबिनला वारा द्या.

पाऊस थांबला की गळतीची जागा शोधा. थेंब जिथे पडतो तिथे भोक असतंच असं नाही. पाणी अस्तराच्या मागून हातभर चालत येतं. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून हलका पाइप धरायचा. सुरुवात खालच्या कडेपासून, प्रत्येक जागी पाच मिनिटं, मग हळूहळू वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही.